दाढोबा, गट दगड

माझ्या मावशीला माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत, दातांनी आठवतात. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की ती क्षणभर गोंधळते आणि समोरच्याने आणखी थोडं हसावं म्हणून वाट बघत उभी राहते. पुरेसे दात दिसले की तिचा चेहरा उजळतो. "अगं, ही तर वरची पूर्ण, खालची अर्धी!" असं ती चार पावलं पुढे गेल्यावर माझ्या कानात सांगते. त्या बाईचं नाव काय, राहते कुठे, यातलं मावशीला काही म्हणता काही ठाऊक नसतं.

मावशी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात, तो ठसा मावशीच्या खोलीत येतो आणि तिथून दात होऊन बाहेर पडतो. त्या खोलीला सगळे लॅब म्हणतात. नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही चकचकीत येत असेल तर त्याने ते विसरावं. तळमजल्यावर मागच्या बाजूची एक लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर रबरी वाट्या, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, एक लहानसं घासायचं मशीन आणि स्पिरिटचा दिवा. दाराच्या कडीपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळीकडे प्लास्टरच्या पांढऱ्या बोटांचे ठसे. आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले जबडे. पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकतो. मी शाळेत असताना त्या जबड्यांसमोर बसून अभ्यास केला आहे, डबा खाल्ला आहे, त्यामुळे मला त्यांच्यासमोर जेवायला अजूनही काही वाटत नाही. पुढे मी चष्म्याच्या दुकानात लागले. आमच्या घरात डोळे माझ्याकडे आणि दात मावशीकडे अशी वाटणी आहे.

या धंद्यात घाई करणाऱ्याचं काही खरं नसतं. ठशात प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत हात बांधून बसावं लागतं. ते आधी गरम होतं आणि मग हळूहळू निवतं. पूर्ण निवायच्या आत ओढाल तर जबडा मोडतो आणि डॉक्टरला पुन्हा त्या बिचाऱ्या पेशंटच्या तोंडात चमचाभर थंडगार लगदा कोंबावा लागतो. या मधल्या वेळात इतर लॅबवाले विड्या ओढतात, फोनवर गप्पा हाणतात, डुलक्या काढतात. मावशीला विडीचा वास सहन होत नाही, गप्पा मारायला समोर जबडे सोडून कुणी नसतं आणि झोपेशी तिचं जन्मापासून वाकडं. तेव्हा ती व्हिडिओ गेम खेळते.

हो, व्हिडिओ गेम. साठी जवळ आलेली, नाकावर चष्मा, बाह्यांना प्लास्टर, आणि हातात मुलांचा गेम. मी आणि माझा भाऊ लहान असताना वडिलांनी आम्हाला एकेक आणला होता, हातात मावणारा, दोन बटणांचा. भाऊ नोकरीसाठी दूर गेला तेव्हा त्याचा गेम आईकडे राहिला. माझा मी अभ्यासाच्या दिवसांत मावशीच्या लॅबमध्ये विसरले. वर्षभराने आठवण झाली म्हणून न्यायला गेले, तर मावशी म्हणाली, "थांब, माझी झुंज चालू आहे." ती झुंज अजून संपलेली नाही.

खेळ तसा सोपा. गवतातून, गुहांतून निरनिराळे प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं. प्रत्येक प्राण्याचा एक गट असतो. आग, पाणी, झाड, वारा, वीज, दगड. आग झाडाला जाळते, पाणी आगीला विझवतं, झाड पाणी पिऊन टाकतं, असा सगळा मामला. सुरुवातीलाच एक प्राणी निवडायला मिळतो आणि दहातली नऊ मुलं आग निवडतात. मीही निवडली होती. शेपटीला ज्योत असलेला तो पिल्लू ड्रॅगन मी मोठ्या हौसेने वाढवला होता. मावशीने पहिल्याच आठवड्यात तो खेळातल्या गोदामात टाकला आणि एका अंधाऱ्या गुहेतून एक दगड पकडून आणला.

दगड म्हणजे अगदी दगडच. मळकट पांढरा, चौकोनी, खाली दोन आखूड पाय, वर चार उंचवटे. दाढ उपटून समोर ठेवली तर ती जशी दिसेल तसा. मावशीला तो कुठे बघितल्यासारखा वाटला यात नवल नाही. तिने त्याचं नाव ठेवलं दाढोबा.

दगड गटाला खेळात कुणी विचारत नाही. तो सगळ्यात मंद. कुणीही आधी येऊन त्याला दोन लगावून जातं आणि मग याची पाळी येते. पाण्यासमोर तर तो उभाच राहू शकत नाही. मी मावशीला म्हटलं, "काहीतरी चपळ घे ना. हा नुसता मार खातो."

"खाऊ दे," मावशी म्हणाली. "मार खाऊन जागेवर राहतो ना? तुझा तो ड्रॅगन बघ, जरा शिंतोडा उडाला की डोळे फिरवतो. मला असलं फुसकं काही नको."

तिने दाढोबाला इतकं वाढवलं की त्याच्यापुढे वाढच उरली नाही. तरी खेळाच्या शेवटी ज्याला हरवायचं असतं त्या उस्तादाकडून तो दर वेळी हरायचा. त्याचं कारण मला माहीत होतं आणि मी ते बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. या खेळात बहुतेक प्राणी वाढता वाढता आपोआप रूप बदलतात, लहानाचे मोठे होतात. दाढोबाच्या जातीचा दगड तसा होत नाही. तो एका गेममधून दुसऱ्या गेममध्ये, म्हणजे एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिला, तरच मोठा होतो. दोन गेम वायरने जोडायचे, याने आपला प्राणी त्याला द्यायचा, त्याने बदल्यात आपला द्यायचा. देताक्षणी दगडाचा डोंगर होतो. मग ज्याचा त्याने परत मागून घ्यायचा. मुलं मधल्या सुट्टीत हेच करत बसायची आणि परत न देणाऱ्याशी आयुष्यभराची कट्टी करायची.

वायर माझ्या कपाटात होती. पण असला दुसरा गेम आता आमच्या ओळखीत एकाच माणसाकडे उरला होता. माझ्या आईकडे. आणि आई आणि मावशी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

माझी आई मावशीची धाकटी बहीण. मावशी तिला बारकी म्हणायची, आणि आई चांगली जाडजूड झाल्यावरही म्हणत राहिली. आई पोहण्याच्या तलावाच्या खिडकीत बसते, टॉवेल आणि कपाटाच्या किल्ल्या देते, ओल्या पायांनी आत येणाऱ्यांवर ओरडते. गर्दी नसली की तीही भावाचा गेम खेळते. तिचे सगळे प्राणी पाणी गटातले. मी एकदा म्हटलं, बदल म्हणून दुसरं काही घे. तर म्हणाली, "मला पाणी कळतं." दोघी बहिणी एकच खेळ खेळत होत्या, दोघींना ते माहीत होतं आणि दोघी मला विचारायच्या, "ती कुठपर्यंत पोचली?" मी निरोप्याचं काम करत बसले. दोघींचा मला इतका राग यायचा की वाटायचं, दोन्ही गेम तलावात टाकावेत आणि मोकळं व्हावं.

भांडण आजीच्या दातांवरून झालं होतं. आजी म्हणजे या दोघींची आई. तिची वरची कवळी मावशीने केली होती, आणि मावशीच्या हातून तशी दुसरी झाली नाही हे तिचे डॉक्टरही सांगतात. आजीच्या तरुणपणच्या फोटोवरून एकेक दात बसवला होता. आजी हसली की फोटोतली आजी हसायची. पुढे आजी आजारी पडली, बरेच महिने दवाखान्यात राहिली. तिथे तिच्याजवळ आई असायची, आणि मावशी कामावरून सुटली की संध्याकाळी भेटून जायची. आजी गेली ती सकाळी. मावशी धावत पोचली तोवर आजीला गुंडाळून बाहेर आणलं होतं. चेहरा उघडा होता आणि तोंडात दात नव्हते. गाल आत गेलेले, ओठ मुडपलेले. सगळे नातेवाईक त्या चेहऱ्याचं शेवटचं दर्शन घेत होते.

"दात कुठे आहेत?" मावशीने विचारलं.

"विसरले," आई म्हणाली. "खणात राहिले असतील."

मावशी वर धावली. खाट धुऊन खण रिकामा केलेला होता. ती खाली आली आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "तुला आईचा चेहरासुद्धा सांभाळता आला नाही." मला तेव्हा वाटलं, आई आता ओरडेल, रडेल, काहीतरी म्हणेल. ती नुसती उभी राहिली. त्यानंतर या दोघी एका खोलीत कधी बसल्या नाहीत.

तर मावशीला मी दाढोबाचं गुपित सांगितलं ते तिची कीव येऊन. शेवटच्या उस्तादाकडून ती पुन्हा हरली होती आणि तोंड पाडून एका खालच्या जबड्याला घासत होती. मी सांगितल्यावर तिचे डोळे चमकले.

"मोठा होतो? हा? किती मोठा?"

"डोंगराएवढा. मग उस्तादाची काय बिशाद! फक्त आईच्या गेमवर पाठवायला लागेल. मिनिटभराचं काम आहे. मी आईला सांगते."

मशीनची घरघर थांबली. "तिच्या हातात? नको."

"अगं, लगेच परत घेऊ."

"आमच्या आईचे दातही तिच्याकडून लगेचच मिळायला हवे होते," मावशी म्हणाली. "राहू दे. लहान तर लहान." आणि तिने मशीन इतक्या जोरात चालू केलं की मला पुढचं बोलता येऊ नये. तिला दाढोबा मोठा व्हायला हवा होता, हे मला दिसत होतं. त्याहून जास्त तिला आपली बहीण हवी होती, हेही दिसत होतं. पण विश्वास ठेवायचा तर आधी कुणीतरी झुकायला पाहिजे आणि झुकणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. मलाही नाही.

मध्यंतरी आईच्या हिरड्यांनी दगा दिला. वरचे दात हलायला लागले, मग एकेक करून काढावे लागले. मावशीच्या हातचे दात घ्यावे लागू नयेत म्हणून ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जायची. दोन बस बदलून. त्या टोकाच्या डॉक्टरचं कामही मावशीच्याच लॅबमध्ये येतं, हे बिचारीच्या गावीही नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, नाहीतर मी पोट धरून हसले असते.

एका दुपारी मी लॅबमध्ये गेले तेव्हा मावशी खिडकीशी उभी होती. हातात नुकताच काढलेला प्लास्टरचा जबडा, वरचा, बिनदातांचा. ती अंगठा त्याच्या टाळूवरून फिरवत होती. मागे, पुढे, पुन्हा मागे.

"हात दे," ती म्हणाली, आणि माझं बोट धरून त्या टाळूवर ठेवलं. बरोबर मधोमध हाडाचा एक लांबट उंचवटा होता, दाण्याएवढा. "आता जीभ लाव आपल्या टाळूला."

मी लावली. माझ्याही टाळूला अगदी तिथेच तसाच उंचवटा आहे. इतकी वर्षं तोंडात घेऊन फिरतेय आणि मला वाटायचं सगळ्यांना असतो.

"तुला आहे, मला आहे, आईला होता," मावशी म्हणाली. "आणि हिला आहे. डावीकडे जरा जास्त. ही बारकी आहे."

"पिशवीवर नाव आहे?"

"नंबर आहे. नाव कशाला लागतंय?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळे गेले गं तिचे. वरचा एक नाही राहिला. तू मला बोलली नाहीस."

आईने मला शपथ घातली होती, हे मी सांगितलं नाही. मावशीने तो जबडा फळीवर इतरांबरोबर ठेवला नाही. टेबलावर, आपल्या गेमशेजारी ठेवला.

पुढचे दिवस ती त्या एका कवळीवर होती. बाकीचं काम तुंबलं, डॉक्टरांचे फोन येत राहिले. डॉक्टरने लिहून पाठवलं होतं, सरळ, नेहमीसारखे दात लावा. आईचे खरे पुढचे दोन दात सरळ कधीच नव्हते. डावा जरासा उजव्यावर चढलेला होता, आणि लहानपणी या दोघींची भांडणं झाली की मावशी त्यावरूनच तिला चिडवायची. मावशीने मेणात एकेक दात बसवला आणि शेवटी डावा किंचित पुढे घेऊन उजव्यावर चढवला. डॉक्टरचा फोन आला, "बाई, पुढचा वाकडा लागलाय." मावशी म्हणाली, "तोंडात घालून बघा. नको म्हणाल्या तर सरळ करून देते."

त्या दिवशी आईबरोबर मी गेले होते. डॉक्टर भला माणूस, त्याने मेणातले दात आईच्या तोंडात बसवले आणि हातात आरसा दिला. आई आरशात बघून सवयीने ओठ मिटायला गेली आणि थांबली. मग तिने ओठ उघडले. चढलेला दात दिसला. मला लहानपणापासून माहीत असलेलं हसू बऱ्याच दिवसांनी परत आलं होतं, तेही वाकड्या दातासकट.

"हे कुठे करून घेतलंत?" आईने विचारलं.

"आमची एक लॅब आहे. बाई जरा हट्टी आहेत, पण हात चांगला आहे. सरळ करायला सांगू का?"

"नको," आई म्हणाली. "असेच राहू देत." बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. मी मावशीचं नाव काढलं नाही आणि तिनेही काढलं नाही.

कवळी तयार होऊन आली आणि मला वाटलं, आता सगळं आपोआप जुळेल. कसलं काय! आई दोन दिवस दात घालून मिरवली. मग ते दात डबीत दिसायला लागले. बाहेर जाताना घालायची, घरी आली की आधी दात काढायची, मग चपला. पोळी दुधात बुडवून खायची. मी विचारलं, टोचतात का? "छे! छान आहेत." डॉक्टरकडे जाऊन घासून घेऊ या? "कशाला? काही नाही झालं." मी मावशीला जाऊन सांगितलं. मावशी लाल झाली.

"तिला म्हणावं, डबीत ठेवायला नाही केलेत मी दात. परत पाठवून दे."

हा निरोप मी अगदी शब्दाला शब्द पोचवला. थोडं तिखट माझ्या पदरचं घातलं, कारण मी कंटाळले होते. आई उठली, दात घातले, पर्स उचलली आणि म्हणाली, "चल. तिच्या तोंडावर सांगते काय ते."

लॅबच्या दारात ती थबकली, जबडे बघून नव्हे. मावशी नुकतंच कुणाच्या तरी ठशात प्लास्टर ओतून हात धूत होती. तिने वळून बघितलं. दोघींचे केस आता सारखेच पांढरे होते.

"बस," मावशी म्हणाली.

"बसायला नाही आले. दात छान आहेत, एवढं सांगायला आले. परत-बिरत काही मिळणार नाहीत."

"मग तोंड उघड."

"कशाला?"

"छान आहेत ना? उघड मग."

आई स्टुलावर बसली आणि तोंड उघडलं. मावशीने कवळी काढून घेतली, दिवा खाली ओढला आणि आत बघितलं. मधल्या उंचवट्यावर कातडी सोलवटून लालभडक झाली होती. मावशी बघतच राहिली.

"बारके, जखम झालीये इथे! इतके दिवस हे घालून फिरलीस? मला नाही, त्या डॉक्टरला तरी सांगायचंस. वाचा गेली होती का तुझी?"

"तू केलेले आहेत हे पहिल्याच दिवशी कळलं मला," आई म्हणाली. दात नसल्याने तिचे शब्द पसरत होते. "तो वाकडा दात बघून. आता तुझ्या हातचे टोचतात असं कसं सांगायचं? आईनेसुद्धा नाही सांगितलं."

खोलीत नळ ठिबकत होता. मावशीने दिवा बाजूला केला.

"काय नाही सांगितलं?"

आईने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी तिला यातून सोडवणार होते. मला काहीच ठाऊक नव्हतं.

"शेवटी शेवटी तिला ते दात घालवत नव्हते गं," आई म्हणाली. "ती इतकी वाळली, हिरड्या बसल्या, ते मधलं हाड वर आलं. घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हटलं, ताईला सांगते, घासून देईल. तर मला शपथ घातली. म्हणाली, पोरीने जीव ओतून केलेत, तिला कळलं तर तिच्या मनाला लागेल. तुझी यायची वेळ झाली की घालायची. तू गेलीस की काढून माझ्या हातात द्यायची. रोज."

"आणि त्या सकाळी?"

"विसरले नव्हते." आईने पदराने तोंड पुसलं. "खणात होते. नर्स म्हणाली, दात असले तर घाला, चेहरा बरा दिसेल. मी हातात घेतले. पण मला नाही जमलं. मेलेल्या माणसाला टोचत नाही, मला कळतं. पण इतके दिवस तिला त्या दातांपायी रडताना बघितलं होतं मी. पुन्हा तिच्या तोंडात नाही घालू शकले. परत खणात ठेवून दिले."

इतकी वर्षं आईने ते शब्द सगळ्यांसमोर ऐकून घेतले होते, एका शब्दाने सगळं उलटवता आलं असतं तरी. आणि मी तिला बुजरी समजत होते. मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

मावशी खुर्चीवर बसली. तिला मी आजी गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. ती हातातली कवळी मांडीवर धरून रडायला लागली, आवाज न करता. नाक वाहत होतं, चष्मा ओला झाला होता. मग तिने प्लास्टर लागलेल्या बाहीने डोळे पुसले आणि डोळ्यांभोवती पांढरं झालं.

"कुठे टोचायचे तिला?" तिने विचारलं.

"इथेच. मधे. डावीकडे जास्त."

मावशीने मान हलवली. उठली, मशीन चालू केलं आणि कवळीची आतली बाजू त्या जागी घासायला लागली. थोडं घासायची, अंगठ्याने चाचपायची, पुन्हा घासायची. आई बघत होती. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मावशीने कवळी धुऊन आईच्या तोंडात बसवली आणि विचारलं, "आता?"

"आता ठीक."

"खरं सांग."

आईने जीभ फिरवून बघितलं. "डावीकडे अजून जरा लागतं."

"हे असं बोलायचं," मावशी म्हणाली आणि कवळी काढून घेऊन पुन्हा मशीनकडे वळली. आई हसली, वरचा एकही दात तोंडात नव्हता तरी हसली.

कवळी दुसऱ्यांदा बसली ती चांगली बसली. मग मावशीने टेबलावरचा आपला गेम उचलला, पदराने त्याच्यावरची भुकटी पुसली आणि मला म्हणाली, "ती वायर कुठेय तुझी?"

वायर माझ्या पर्समध्ये होती. मी काही मूर्ख नाही. आईनेही पर्समधून भावाचा गेम काढला, म्हणजे ती नुसतं भांडायला आली नव्हती. मी दोन्ही गेम जोडले. दोघी स्टुलं ओढून शेजारी शेजारी बसल्या, दोन शाळकरी पोरींसारख्या. मावशीने दाढोबा निवडला. पडद्यावर प्रश्न आला, नक्की द्यायचा का? मावशीचा अंगठा बटणावर थांबला.

"नको वाटत असेल तर राहू दे, ताई," आई म्हणाली.

"गप्प बस," मावशी म्हणाली आणि बटण दाबलं.

दाढोबा पडद्याच्या कडेने वायरीत शिरला आणि आईच्या गेमवर उतरला. एक क्षण होता तसाच उभा राहिला. मग चमकायला लागला. उंचवटे वर चढले, खांदे फुटले, पाय खांबांसारखे झाले. पडद्यावर मावेना.

"ताई! केवढा झाला गं!" आई ओरडली. "अगं बघ, बघ ना!"

मावशी बघत होती, आईच्या खांद्यावरून वाकून. पण अधूनमधून तिची नजर आईच्या दातांकडे जात होती, कारण आई तोंडभर हसत होती आणि चढलेला दात दिसत होता.

"आणि माझ्याकडे हे काय आलं?" थोड्या वेळाने मावशीने आपल्या पडद्याकडे बघून विचारलं. तिथे एक निळी, लांब मिशांची मासोळी पोहत होती.

"माझी सगळ्यात चांगली आहे ती," आई म्हणाली. "तिला जपून वापर. विजेपुढे नको पाठवूस." मग तिने घाईने बटणं दाबायला सुरुवात केली. "थांब, तुझा दाढोबा लगेच परत पाठवते."

"लगेच नको," मावशी म्हणाली. "प्लास्टर ओतलंय आत्ताच. ते निवेपर्यंत राहू दे तुझ्याकडे."

आई दाढोबाला घेऊन उस्तादाशी लढायला गेली. मावशी मासोळीला चुकून विजेपुढे घेऊन गेली आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. मी तिघींसाठी चहा केला, पुन्हा केला. ठशातलं प्लास्टर केव्हाच निवलं होतं. दोघींपैकी कुणीही हात लावून बघितला नाही.